दाऊद मिस्त्रींनी निवडलेलं मशीन

दाऊद मिस्त्री कोणाशी बोलायला बसले की त्याच्या तोंडाकडं बघत नसत. त्यांची नजर त्याच्या छातीवर असे. नवखा माणूस चपापून सदऱ्याची बटणं चाचपून बघे. दोन वाक्यं बोलून झाली की मिस्त्री हळूच विचारत, "खोकला वगैरे?" समोरचा नाही म्हणाला तरी त्यांचं समाधान होत नसे. "चढण चढताना?" असं ते पुढं विचारत आणि उत्तर ऐकण्यापेक्षा त्याचा श्वास ऐकत बसत.

ही त्यांची शेवटच्या काळातली सवय. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचं माणसांकडं फारसं लक्षच नसे. त्यांना मशीन कळत असे, आणि त्यातच ते खूष असत.

एकोणीसशे सत्तावीस-अठ्ठावीसचा सुमार असेल. मी पुण्याहून ओव्हरसियरची परीक्षा पास होऊन मगनशेठ नावाच्या एका कंत्राटदाराकडं नुकताच लागलो होतो. शेठ राहायला मुंबईत, कामं साऱ्या कोकणपट्टीत. आगरदांड्याहून खाडी ओलांडून दिघीला उतरलं की चार कोसांवर वेळशेत नावाचं एक लहान गाव लागे. गावच्या विहिरींना मचूळ पाणी. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला गोड पाण्याचा बारमाही झरा होता, पण तो गावाच्या उपयोगाचा नव्हता. बायका हंडे घेऊन डोंगराला वळसा घालून जात आणि अर्धा दिवस घालवून येत. मधली कातळाची सोंड फोडून बोगदा काढायचा आणि झरा गावाकडं वळवायचा, हे आमचं काम.

मिस्त्री श्रीवर्धनकडचे. बावीस वर्षं त्यांनी आगबोटींच्या इंजिनखोलीत काढली होती. हातांवर भाजल्याचे जुने डाग, भर वैशाखात डोक्याला लोकरीची टोपी, आणि खिशात कायम एक वीतभर लांबीचा लोखंडी गज. मशीन कुरकुरायला लागलं की गजाचं एक टोक ते मशीनला लावत आणि दुसरं दातांत धरत. डोळे मिटून तसेच उभे राहत. "कानाला सगळंच ऐकू येतं," ते म्हणत, "दाताला फकस्त खोट ऐकू येते." मग गज पुसून खिशात टाकत आणि नेमका दोष कुठं आहे ते सांगत. मी पुस्तकात वाचलेलं त्यांना सांगायला जाई तेव्हा ते शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "बराबर हाय, भाऊ. आता बगूया मशीनला पटतंय काय."

सहा महिने आम्ही सुरुंगाची भोकं हातानंच पाडली. एकानं पहार धरायची, दुसऱ्यानं घण मारायचा, मधूनमधून भोकात पाणी ओतून चिखल काढायचा. खडक काळा आणि त्यात गारगोटीच्या पांढऱ्या शिरा. शीर लागली की पहारेचं तोंड बसे. दिवसाकाठी दोन माणसांचं हातभर भोक होई. शेवटी शेठचं पत्र आलं: भोकं पाडायची डिरिलं चालवणारं हवेचं मशीन घ्यायचं ठरवलं आहे, मिस्त्रींना घेऊन मुंबईला या.

गोदीजवळच्या एका गोदामात आम्हाला तीन मशीनं दाखवण्यात आली. दाखवणारे गृहस्थ म्हातारे पारशी होते, मऊ बोलणारे. पहिलं मशीन दोन चाकांचं, हलकं. दुसरं कोरं, हिरव्या रंगानं चमकणारं. तिसरं दोन्हींहून मोठं, चार चाकांचं, कुठल्यातरी कामावर थोडंसं वापरून परत आलेलं. मी कागद काढून मिनिटाला किती घनफूट हवा, किती पौंड दाब, तासाला तेल किती, असं लिहून घेऊ लागलो. मिस्त्रींनी कागदाकडं पाहिलंही नाही. त्यांनी आधी सुतळी काढून चाकांमधलं अंतर मोजलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"माल न्यायच्या पडावात फळ्या किती रुंद असतात? मशीन मुंबईत चालून काय उपयोग, भाऊ? धक्क्यावर उतराय पायजे. मग बैलांनी डोंगर चढवाय पायजे. तुकडे करून नेता येतंय काय तेबी बगा."

मग त्यांनी प्रत्येक मशीनची टाकी हवेनं भरून घेतली, इंजिन बंद करायला लावलं आणि टाकीला हात लावून दाबाच्या काट्यासमोर बसून राहिले. बोचक्यातून साबणाची वडी काढली, फेस केला आणि सांध्यासांध्याला लावला. हिरव्या मशीनच्या दोन सांध्यांवर बुडबुडे आले. ते त्यांनी पारशीबाबांना नुसते बोटानं दाखवले. मोठं मशीन त्यांनी दुपारभर चालवायला लावलं. पारशीबाबा म्हणाले, "मिस्त्री, दहा मिनिटात समजते की."

"धा मिनिटं मेलेलं मशीनबी चालतं," मिस्त्री म्हणाले.

दुपारभर तीन डिरिलं एकदम लावून काटा हलला नाही तेव्हा त्यांनी गज दातांतून काढला आणि मान डोलावली. मोठं मशीन ठरलं.

यानंतर जे झालं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. पारशीबाबांनी एक वेगळी पेटी उघडली. आत निराळ्या तऱ्हेची डिरिलं होती. ते म्हणाले, "यात पाणी आतून जाते, पार खडकापर्यंत. धूळ उडत नाय. बाहेरदेशी खाणीत आता हेच मागतात. तुमचा बोगदा हाय म्हणून सांगतो."

मिस्त्रींनी एक डिरील उचलून तोललं. "पाणी किती लागतंय?"

"टाकी ठेवायची. काम चालेल तोवर चालू."

"किती चालतील या मशीनवर?"

"हवा तीन चालवेल. पण पाणी तेवढे पोचवायला पायजे."

मिस्त्रींनी डिरील पेटीत ठेवलं आणि माझ्याकडं वळले. "वेळशेतला पाणी हाय काय, भाऊ?"

"नाही."

"बाया कुठनं आणतात ते तुमी बगितलंत. त्यांच्या डोक्यावरचं पाणी मी दगडाला पाजू?"

मला ते पटलं. कोणालाही पटलं असतं. साधी डिरिलं घ्यायची, नाकाला फडकी बांधायची, असं ठरलं. शेठला अहवाल मी लिहिला. पाण्याच्या डिरिलांचा मी त्यात उल्लेख केला नाही, कारण घ्यायची नव्हतीच.

मशीन भरतीच्या वेळी पडावातून उतरवलं. पंचवीस-तीस कोळी दोरांना लागले होते आणि मिस्त्री कंबरभर पाण्यात उभे राहून प्रत्येक दोरावर हात ठेवून बघत होते. डोंगर चढवायला तीन दिवस गेले. वर आल्यावर जागा निवडायलाही त्यांनी एक दिवस घेतला. बोगद्याच्या तोंडापासून लांब, वाऱ्याच्या अंगाला, एका जांभळीच्या सावलीत त्यांनी मशीन उभं केलं आणि तिथून आतपर्यंत नळी टाकली. मशीन जिथून हवा ओढून घेई त्या तोंडाला त्यांनी दुहेरी मलमल बांधली. "धूळ आत गेली की हे दोन वरसांत बाद," ते म्हणाले. संध्याकाळी ते ती मलमल सोडत, झटकत, धूत आणि वाळत घालत. दुसऱ्याला हात लावू देत नसत.

डिरिलावर तीन माणसं नेमली. गोमा आणि लक्षा हे दोघे वेळशेतचेच, आगरी, घणाच्या कामात तयार झालेले. तिसरा कासम, मिस्त्रींचा जावई. कासमला आगबोटीवर जायचं होतं. कागदपत्रं झाली होती. मिस्त्रींनीच त्याला अडवलं. इंजिनखोलीत माणसं कशी मरतात ते त्यांनी पाहिलं होतं. "झुलेखा माझी एकच पोरगी हाय," ते मला म्हणाले होते. "जमिनीवरचं काम असताना समुद्रावर कशाला धाडू?"

पहिल्या दिवशी हातभर भोक घटकेत पडलं. अख्खा गाव बघायला लोटला. संध्याकाळी तिघं बाहेर आले ते नखशिखांत पांढरे, पापण्यांवरसुद्धा पीठ. नाकावरची फडकी केव्हाच गळ्यात आली होती, कारण ती बांधून श्वास घेता येत नसे. सगळे हसले. झुलेखा नवऱ्याची भाकरी घेऊन आली होती. तीही तोंडाला पदर लावून म्हणाली, "आमचं माणूस गिरणीतनं आलंय काय?" मिस्त्रीही हसले. त्यांना मोकळेपणी हसताना मी त्या वर्षी बरेच वेळा पाहिलं.

बोगदा जसजसा आत गेला तसतशी धूळ बाहेर यायला वाट राहिली नाही. आत कंदील लावला तर धुक्यात लावल्यासारखा दिसे. वर्ष उलटलं आणि गोमाला खोकला लागला. मग लक्षाला. मिस्त्री आधी म्हणाले, थंडीचा आहे. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर ते मशीन माझ्या हवाली करून आत गेले आणि काम चालू असताना तिघांच्या मागं बसून राहिले. दोन तासांनी बाहेर आले तेव्हा ओळखू येत नव्हते. भिंतीला धरून बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "शेठला लिवा. पाण्याची डिरिलं पायजेत. आजच लिवा."

मी लिहिलं. उत्तर येईपर्यंत मिस्त्रींनी आपल्या परीनं उपाय केले. बायकांना विनवून दिवसाला वीस हंडे मागवले. ज्या बायकांच्या डोक्यावरचं पाणी त्यांना दगडाला पाजायचं नव्हतं त्याच बायका. पूर्वीसारखं भोकात वरून पाणी ओतून पाहिलं तर डिरिलाची हवा ते तोंडावर उडवी. ओली पोती टांगली. तीनऐवजी एकच डिरील लावलं. काम मंदावलं. आठवड्यानं शेठचे मॅनेजर स्वतः आले. बोगदा किती राहिला ते त्यांनी मोजलं आणि म्हणाले, "तीन महिन्यांचं काम आहे. आता नवी डिरिलं मागवायची, ती यायची, तोवर बोगदा संपेल. तिन्ही चालू करा."

मिस्त्री उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली, पुन्हा घातली. मला वाटलं, ते आता काहीतरी बोलतील. मीही बोलू शकलो असतो. कासमच मध्ये पडला. "तीन म्हयनं काय, बावा," तो सासऱ्याला म्हणाला, "असेच जातील."

मिस्त्री जांभळीखाली गेले आणि त्यांनी मशीन चालू केलं.

तीन महिन्यांचे पाच झाले. शेवटचा सुरुंग उडाला आणि पलीकडचा उजेड दिसला. पाणी गावात आलं तेव्हा बायकांनी मिस्त्रींच्या पायांवर पाणी घातलं. ते पाय मागं घेत होते आणि बायकांना ती नम्रता वाटत होती.

माझी बदली नागावच्या बाजूला झाली. बातम्या तिथं येत. गोमा दोन वर्षांनी गेला. दवाखान्यात क्षय म्हणून सांगितलं. त्याच्या मागोमाग लक्षा. मी मिस्त्रींना पत्र लिहिलं की क्षय कोणालाही होतो. त्यांचं उत्तर कोणाकडून तरी लिहून घेतलेलं आलं, दोन ओळींचं. "क्षयाचा खोकला मी आगबोटीवर लई ऐकलाय. हा तो न्हाय. कासमला लागलाय."

मी श्रीवर्धनला गेलो तो कासमचा शेवटचा महिना होता. पडवीत बाज टाकली होती. बसवून ठेवलं तरच त्याला श्वास घेता येई. एवढा दांडगा माणूस, त्याचे खांदे प्रत्येक श्वासाला कानांपर्यंत वर जात. झुलेखा त्याच्या पाठीमागं बसून त्याला आपल्या अंगावर टेकवून धरी. दिवसचे दिवस ती तशीच बसलेली असे. मला बघून कासम हसला आणि बोलायच्या भानगडीत पडला नाही.

मिस्त्री मला मागच्या वाडीत घेऊन गेले. सुपारीच्या झाडांखाली आम्ही उभे राहिलो. तिथंही तो श्वास ऐकू येत होता.

मी म्हणालो, "मिस्त्री, याचा दोष तुमच्याकडं येत नाही. शेठनं ऐकलं नाही."

"शेठनं मशीन बगितलंच न्हाय. मी बगितलं. त्या पारशानं माझ्या हातात दिलं होतं, भाऊ. मी तोलून बगितलं आन् परत ठेवलं."

"पाणी नव्हतं."

"नंतर वीस हंडे कुठनं आले?"

मी पायानं एक वाळकी सुपारी बाजूला सारली.

"मला काय झालं न्हाय," ते म्हणाले. "मी भाईर, झाडाखाली. साफ हवेत. मशीनच्या नाकाला मी दुहेरी मलमल बांधली होती. रोज धूत होतो. रोज." लोकरीची टोपी काढून त्यांनी तोंडावर दाबून धरली.

कासम गेल्यावर झुलेखा तिथंच राहिली. पुढं कधी मी गेलो तर तीच दारात येई, चहा देई आणि वडिलांबद्दल हलक्या आवाजात सांगे. बावा दुपारी जेवून आडवे होतात आणि मधेच उठून अंगणात जातात. विचारलं तर म्हणतात, "कुणी मशीन बंद केलं?" कधी उलटं, "कुणी चालू केलं?" शेजारी लोहाराचा भाता चालू झाला की ते उठून तिथं जाऊन उभे राहतात. लोकांना आता त्याची सवय झाली आहे. "मी त्यांना कधी काय बोलले न्हाय, भाऊ," ती एकदा म्हणाली. "बोलले असते तर त्यांना बरं वाटलं असतं, आसं मला वाटतं. पण माझ्यानं झालं न्हाय."

पस्तीस-छत्तीस साली मला स्वतःच्या जबाबदारीवर काम मिळालं. खाडीच्या वरच्या अंगाला पुन्हा एक बोगदा, पहिल्याहून लहान. मशीन मलाच निवडायचं होतं. मी पुष्कळ विचार केला आणि मिस्त्रींना बोलवायला गेलो. ते येणार नाहीत अशी माझी खात्री होती. त्यांनी ऐकून घेतलं, आत जाऊन सदरा बदलला आणि बोचकं घेऊन बाहेर आले.

मुंबईत गोदाम निराळं होतं, विकणारा तरुण, पाठ केल्यासारखा बोलणारा. ही मशीनं पूर्वीपेक्षा गुळगुळीत चालत. मिस्त्रींनी चाकं मोजली, सांध्यांना साबण लावला. मग गज दातांत धरून एका मशीनला लावला आणि क्षणात मागं सरले. मी जवळ गेलो.

"खोट आहे?"

"न्हाय. मशीन चांगलं हाय." त्यांनी गज माझ्या हातात दिला. "तुमी ऐका. आत वढून घेताना कसं करतंय."

मी गज दातांत धरला. झडपा उघडत होत्या, मिटत होत्या. हवा आत जात होती. मला झडपांचा आवाज आला. त्यांना श्रीवर्धनच्या पडवीतला आला असणार हे मला कळलं आणि मी गज पुसून त्यांच्या हातात दिला.

मशीनकडं त्यांनी पुन्हा लक्ष दिलं नाही. "पाण्याची डिरिलं काढा," ते विकणाऱ्याला म्हणाले. अंगणात एक दगड होता, तो भोकं पाडून दाखवायला ठेवलेला. मिस्त्री दगडासमोर गुडघ्यांवर बसले, बोचक्यातून एक काळं फडकं काढून स्वतःच्या तोंडावर बांधलं आणि तोंड भोकाजवळ नेऊन "चालू करा" म्हणाले. चिखल त्यांच्या कपाळावर, दाढीवर उडत राहिला. विकणारा माझ्याकडं बघू लागला. अर्ध्या तासानं त्यांनी फडकं सोडलं, उन्हात वाळेपर्यंत थांबले आणि पांढरी धूळ उतरते का ते बोटावर घासून बघितलं. असं तीन जातींच्या डिरिलांशी केलं. तिसऱ्यावर मान डोलावली.

विकणारा म्हणाला, "मोठा कंप्रेसर घ्या साहेब, चार डिरिलं चालतील."

"ल्हान द्या," मिस्त्री म्हणाले. "दोनच चालवायची. टाकी मोठी द्या. पाणी आदी वर चढवायचं, मग मशीन." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "टाकी रिकामी झाली की डिरील बंद. कुणीबी येऊ दे, मॅनेजर येऊ दे. बंद. हे मला लिवून द्या."

मी कागदावर लिहून दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद घडी करून टोपीच्या आत ठेवला.

कामावर मात्र ते आले नाहीत. मी दोनदा निरोप पाठवला. झुलेखाकडून उत्तर आलं की बावांना आता उभं राहवत नाही.

आणि एका दुपारी ते आले. काठी टेकत, थांबत थांबत, लाँचच्या धक्क्यापासून वरपर्यंत एकटे. मला भेटले नाहीत. सरळ बोगद्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. सुट्टी झाली होती, मशीन नुकतंच बंद केलं होतं. डिरिलावरचे दोघे बाहेर आले. अंगभर काळा चिखल, कपडे चिंब, आणि वैतागलेले. त्या पाण्यात दिवसभर काम करून त्यांची बोटं पांढरी पडत आणि ते रोज माझ्या नावानं खडे फोडत. मिस्त्रींनी त्यातल्या पुढच्याला थांबवलं. त्याच्या गालावरून तळहात फिरवला आणि तळहाताकडं बघितलं. नुसता ओला चिखल होता. दुसऱ्याच्याही गालावरून फिरवला. "नाव काय तुजं?" विचारलं. त्यानं सांगितलं. "खोकला?" तो नाही म्हणाला आणि माझ्याकडं बघून हसला, म्हातारा कोण म्हणून. दोघे भाकरी खायला खाली गेले.

मिस्त्री तिथंच होते. काठीवर दोन्ही हात ठेवून ते बोगद्याच्या आत बघत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"आत आता कोणी नाही, मिस्त्री," मी म्हणालो. "दोघंच आहेत कामाला."

"व्हय," ते म्हणाले. "दोघंच."

तरी ते हलले नाहीत. खालून लाँचचा भोंगा झाला, एकदा आणि मग पुन्हा. मी त्यांना हाताला धरून उतरवायला पुढं झालो तेव्हा त्यांनी तीन बोटं दाखवून मला थांबायची खूण केली, माणसं यायची आहेत, जरा दम धरा, अशी. मी थांबलो. लाँच निघून गेली.